पुळणीवरचा कचरा कुणाचा?

प्रश्न : आमची वाडी पुळणीला लागून आहे. कचऱ्याचा विषय काढला की ‘दर्या पोटात काही ठेवत नाही, पावसाळ्यात सगळं बाहेर टाकतो’, नाहीतर ‘हा मुंबईचा कचरा, आमचा नव्हे’ असंच ऐकायला मिळतं. लोकांना काय सांगावं?
– एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : सांगू नका, दाखवा. बादलीभर समुद्राचं पाणी आणा. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीचं झाकण आणि त्याच बाटलीचा कापलेला दोन बोटं रुंद तुकडा त्यात सोडा. तुकडा बोटाने एकदा पाण्याखाली दाबा. खाली हवेचा बुडबुडा राहिला तर तुकडा तरंगतो आणि बघणारे तुम्हालाच हसतात. झाकण वर राहील, तुकडा तळ गाठेल. नायलॉनच्या जाळ्याचा तुकडाही बुडतो. दर्या परत करतो ते मुख्यतः तरंगणारं : झाकणं, चपला, थर्माकोल, बूच लावलेल्या बाटल्या. उरलेलं तळाशी. कुठल्याही तांडेलाला विचारा, जाळ्यात मासळीबरोबर काय काय येतं ते.

मुंबईचं म्हणाल तर ते अर्धं खरं असू शकतं. उधाणाच्या भरतीनंतर पाणी उतरू लागलं की भरतीच्या रेषेवर 100 मीटर दोरी धरा आणि अडीच सेंटीमीटरहून मोठं सगळं उचला. गोण्या अर्ध्याच भरा, ओली वाळू फार जड होते. मग ताडपत्रीवर ढीग करा. होडीच्या बुडाला धरतात तसे बार्नेकल (कठीण कवचाचे चिकटून राहणारे जीव) ज्यावर धरलेत, ते कित्येक आठवडे दर्यात फिरून आलेलं. पातळ पिशव्यांवर ते फारसे धरत नाहीत, तिथे छपाई आणि तारीख वाचा. परवाच्या तारखेची दुधाची पिशवी मुंबईहून पोहत आलेली नसते, ती तुमच्याच पऱ्यातून, म्हणजे ओढ्यातून आली. हेच एकदा श्रावणात आणि एकदा माघात करा. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा लांबचं आणून टाकतो. माघातल्या ढिगात गावाचा आणि पर्यटकांचा वाटा जास्त उघडा पडतो.

जाळी-दोऱ्यांचा ढीग वेगळा ठेवा. ती कुणाची यावरून गावच्या बैठकीत भांडण होणार, होऊ द्या. वाळूत रुतलेलं जाळं ओढू नका, तुटून निम्मं आतच राहतं. भोवती उकरून सुरीने कापा. जेसीबी तर नकोच : तो वाळूही नेतो आणि हिवाळ्यात कासवांची घरटीही. धक्क्यावर तुटक्या जाळ्यांसाठी एक पिंप ठेवा आणि ते कोण, कधी रिकामं करणार हे आधी ठरवा. भरून वाहिलेल्या पिंपाशेजारचं जाळं पुढच्या भरतीला परत पाण्यात जातं.