गॅडोलिनियम डोप केलेल्या (थोडं मिसळलेल्या) सेरियातले, म्हणजे सेरियम ऑक्साइडमधले, डिफेक्ट एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) दिसत नाहीत, काय करू?

अरे एक्सआरडी अणूंची सरासरी जाळी दाखवतं, ऑक्सिजनची रिकामी जागा त्यात थेट कुठून दिसणार. रामन कर, म्हणजे लेझर टाकून विखुरलेल्या उजेडाचा वर्णपट घे. ४६५ cm⁻¹ च्या आसपास सेरियाचा मेन पीक (आलेखातलं टोक) येतो आणि ५५० ते ६०० मध्ये जो बुटका फुगवटा असतो ना तोच डिफेक्टचा, सेरियमच्या जागी दोन गॅडोलिनियम बसले की चार्ज जुळवायला एक ऑक्सिजन जातो म्हणून डोपिंग वाढवलं की तोही वाढतो. फक्त लेझर बदलून एकदा चेक कर, पीक सरकला तर तो रामन नाहीच, रेअर अर्थ अशुद्धीचा उजेड आहे, मी त्यात फसलोय 😅 आमच्याकडे नाशकात मशीन नव्हतं, पावडरच्या पुड्या घेऊन सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबई गाठायचो.