लेन्स कुठली ते नंतर, आधी फिल्म मोजा

दादरच्या घरी माळ्यावर आजोबांची रेग्युलर एटची (घरगुती सिनेमाची ८ मिमी रुंद जुनी फिल्म) पाच रिळं सापडली, प्रत्येक २०० फुटांचं. डबा उघडला की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. हाताशी ब्लॅकमॅजिकचा पॉकेट सिनेमा कॅमेरा ४के आहे, चोर बाजारातून प्रोजेक्टर आणलाय, फिल्मची एकेक फ्रेम टिपून ती डिजिटल करायचीय, आता लेन्स कुठली घेऊ, असं तुम्ही विचारलंय. लेन्सचं सांगतो, पण प्रोजेक्टरला अजून फिल्म लावली नसेल तर कृपा करून लावू नका. वास येतोय म्हणजे फिल्मचा ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकचा पाया खराब व्हायला लागलाय, आणि असा पाया आकसतो. प्रोजेक्टरचा क्लॉ (छिद्रात अडकून फिल्म खाली ओढणारा आकडा) मात्र कारखान्यातून निघाला तेव्हाच्याच मापाने खाली येतो. छिद्र जागेवर नसलं की तो छिद्राची कड कुरतडतो.

रेग्युलर एटमध्ये दोन छिद्रांमधलं अंतर ३.८१ मिमी असतं. म्हणजे पहिल्या छिद्राच्या वरच्या कडेपासून १०१व्या छिद्राच्या वरच्या कडेपर्यंत ३८१ मिमी भरायला हवं. (सुपर एटला हेच ४२३.४ मिमी.) लाइटबॉक्सवर फिल्म सपाट ठेवा, वर स्वच्छ काच ठेवा, स्टीलची पट्टी लावा आणि मोजा. ३७८ भरलं तर फिल्म ०.८ टक्के आकसलीय. माझ्या मते क्लॉच्या मशीनसाठी ही शेवटची हद्द. ३७७ च्या आसपास आलं तर क्लॉ किंवा स्प्रॉकेट (दातेरी चाक) असलेलं कुठलंच मशीन नको, कोणी कितीही खात्री दिली तरी. मी संग्रहालयात काम केलेला माणूस नाही, तिथले लोक याहून कडक हद्द पाळत असतील तर त्यांचं ऐका.

आता ज्या चुकीने माझं सगळ्यात जास्त नुकसान झालं ती सांगतो, कारण तुमचीही रिळं २०० फुटीच आहेत. मी मोजलं होतं, पण लीडर मोजला. सुरुवातीची पांढरी पट्टी नंतर कधीतरी जोडलेली, वेगळ्या बनावटीची, तिचं माप अगदी ३८१. आत चित्राची फिल्म ३७६ होती. जोड गेटमधून (दिव्यासमोरच्या चौकटीतून) पुढे गेला, टर्र असा आवाज आला, आणि मशीन बंद करेपर्यंत चार फुटांची छिद्रं फाटली. चार फूट म्हणजे ३२० फ्रेम, सेकंदाला १६ फ्रेमच्या वेगाने २० सेकंद. त्यातली माणसं आता कुठेच दिसणार नाहीत.

२०० फुटी रीळ हे बहुधा ५० फुटांच्या चार गुंडाळ्या जोडून केलेलं असतं. त्या वेगवेगळ्या वर्षांच्या, कधी वेगवेगळ्या कंपन्यांच्या असतात, आणि प्रत्येकीचं आकसणं वेगळं. म्हणून हाताच्या रिवाइंडरवर सावकाश सोडत जा, बोटाला जोड लागला की त्याच्या पुढची १०० छिद्रं मोजा, माप वहीत लिहा. जोड सुटायला आला असेल तर तिथेच नवी टेप लावा. एका रिळाला तासभर लागेल. तो तास वाचवू नका.

मोजण्याआधी साफसफाई. बुरशी असेल तर पाणी अजिबात नको, बुरशीने इमल्शनचं (चित्र असलेल्या थराचं) जिलेटिन विरघळण्याजोगं केलेलं असतं, ओल्या फडक्याबरोबर चित्रच निघून येतं. फिल्म कोरडी होऊ द्या, मग मऊ मखमलीने पुसा, तोंडावर मास्क लावून, खिडकी उघडी ठेवून. हे काम पावसाळ्यात काढू नका. मुंबईत डिसेंबर ते फेब्रुवारी हाच काळ बरा. तोवर वासाची रिळं इतर रिळांपासून वेगळी ठेवा, आणि हवाबंद डब्यात कोंडू नका. आतली आम्लाची वाफ आतच राहिली की सडणं आणखी वेग घेतं. कॅमेऱ्याचं ड्राय कॅबिनेट असेल तर ४० टक्के आर्द्रतेवर लावून त्यात ठेवा, फक्त त्यात लेन्सा ठेवू नका.

आता मापात बसणाऱ्या फिल्मबद्दल. प्रोजेक्टरचा दिवा, शटरची पाती आणि मूळ मोटर काढून टाका. जागी १० वॉटचा एलईडी, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ च्या वरचा, कॉन्स्टंट करंट ड्रायव्हरवर (सतत सारखा प्रवाह देणाऱ्या सर्किटवर). पीडब्ल्यूएम डिमर (दिवा भराभर चालू-बंद करून उजेड कमी करणारा) लावलात तर रोलिंग शटरमुळे, म्हणजे सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो म्हणून, चित्रावर आडवे पट्टे येतील, आणि ते नंतर निघत नाहीत. एलईडी आणि फिल्म यांच्यामध्ये ३ मिमीचं दुधी ॲक्रिलिक ठेवा, फिल्मपासून १५-२० मिमी मागे, म्हणजे त्यावरची धूळ फोकसमध्ये येत नाही. पसरलेल्या उजेडात ओरखडेही कमी दिसतात. दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्यांकडे ॲक्रिलिकचा तुकडा मिळतो. मूळ मोटरच्या जागी लागणारी स्टेपर मोटर (मोजक्या पावलांनी फिरणारी), तिचा ड्रायव्हर आणि तिला हुकूम देणारं आर्डुइनो हे छोटं कंट्रोलर बोर्ड लॅमिंग्टन रोडला.

लेन्स: ५० मिमीची एन्लार्जर लेन्स (डार्करूममध्ये फोटो मोठे करायला वापरतात ती), उलटी लावून, बेलोजवर (लांबी कमीजास्त होणाऱ्या घडीच्या नळीवर). रोडागॉन, कोम्पोनॉन-एस किंवा एल-निक्कोर, जी स्वच्छ मिळेल ती. तुमच्या सेन्सरची उंची १० मिमी आहे. वाढ २.४ पट ठेवली की फिल्मची ४.२ मिमी उंची आणि जवळजवळ पूर्ण ८ मिमी रुंदी आत येते. छिद्रांच्या कडा दिसतात, त्यावरून पुढे चित्र स्थिर करता येतं. लेन्सपासून सेन्सर साधारण १७० मिमी, फिल्म ७१ मिमी. ॲपर्चरच्या रिंगवर एफ ४ ठेवा. इतक्या वाढीला एफ ५.६ प्रत्यक्षात एफ १९ होतो आणि चित्र मऊ पडतं. एफ ४ वर फोकसची खोली केसाच्या जाडीहूनही कमी आहे, म्हणून गेटमध्ये छोटा आरसा धरा आणि लेन्सचं प्रतिबिंब कॅमेऱ्याच्या पडद्याच्या बरोबर मध्यात येईपर्यंत कॅमेरा सरळ करा. फोकस इमल्शनच्या कणांवर घ्या, चारही कोपऱ्यांत तपासून.

कॅमेरा ट्रायपॉडवर आणि प्रोजेक्टर टेबलावर, असं करू नका. दोन्ही एकाच ॲल्युमिनियमच्या पट्टीवर घट्ट बसवा. १० मायक्रॉनची थरथर म्हणजे पडद्यावर पाच पिक्सेल. रुळालगत घर असेल तर शेवटची लोकल गेल्यावर काम करा.

एक्स्पोजर फिल्म न लावता, मोकळ्या गेटच्या उजेडावर ठरवा. झेब्रा (जास्त उजेडाच्या जागी दिसणारे इशाऱ्याचे पट्टे) १०० वर ठेवून तो जेमतेम लागणार नाही इतका. आयएसओ ४००, व्हाइट बॅलन्स हाताने, रेकॉर्डिंग बीरॉमध्ये (या कॅमेऱ्याचा रॉ फॉरमॅट). नंतर पूर्ण रिळात काहीच हलवू नका. कोडॅक्रोम या रंगीत फिल्मच्या सावल्या फार गडद असतात. त्यांच्यासाठी गेन वाढवू नका, तोच भाग जास्त उजेडात दुसऱ्यांदा काढा.

खरी गोची फ्रेम वेगळ्या करण्यात आहे. या कॅमेऱ्याला जेनलॉक (बाहेरच्या सिग्नलशी फ्रेमची वेळ जुळवायची सोय) नाही, तेव्हा चालत्या फिल्मवर फ्लॅश मारायची कल्पना सोडा, अर्धी चित्रं दोन फ्रेममध्ये विभागली जातील. बहुतेक प्रोजेक्टरमध्ये हाताच्या चाकाचा एक फेरा म्हणजे एक फ्रेम. स्टेपर तिथे जोडा. सेकंदाला चार फ्रेम: ८० मिलिसेकंदांत फिल्म हलवा, १७० मिलिसेकंद थांबवा. कॅमेरा २४ वर, शटर ९० अंश. प्रत्येक वेळी फिल्म थांबली की आर्डुइनोने कॅमेऱ्याच्या ३.५ मिमी ऑडिओ इनपुटमध्ये एक ‘टिक’ पाठवायची. इनपुट लाइनवर ठेवा, आणि मध्ये १० किलोओहम व १ किलोओहमचा डिव्हायडर (व्होल्टेज कमी करणारी रेझिस्टरची जोडी) घाला, थेट ५ व्होल्ट देऊ नका. मग स्क्रिप्टने प्रत्येक टिकनंतरची दुसरी पूर्ण फ्रेम उचलायची. सारख्या दिसणाऱ्या फ्रेम गाळणारं तयार सॉफ्टवेअर मी टाळतो, कारण काळी पडलेली किंवा स्थिर दृश्यं ते सरळ खाऊन टाकतं. टिका मोजल्या की हिशेबही लागतो: फुटाला ८० फ्रेम, २०० फुटाला १६,०००. एक रीळ ६७ मिनिटांत होतं.

मूळ प्रत १६च्या वेगाचीच ठेवा. एका ठिकाणी मी पैसे मोजून घेतलेली फाइल २५ची होती, जादा फ्रेम आतच कायमच्या मिसळून टाकलेल्या, चौकट चारही बाजूंनी कापलेली. विचारल्यावर “टीव्हीवर असंच दिसतं” एवढंच उत्तर. पुठ्ठ्याची खोकीही तिथेच फेकून दिली, ज्यांवर आजीच्या अक्षरात गावं आणि साल लिहिलेलं होतं. हे मला अजून सोसत नाही. तुमच्या खोक्यांचे आणि डब्यांचे फोटो आजच काढा, आणि कोणाकडे फिल्म दिलीत तरी खोकी देऊ नका.

३७८ च्या खालच्या गुंडाळ्या वेगळ्या काढून ठेवा. त्यांना रबरी रोलरने ओढणारं, छिद्र फक्त सेन्सरने वाचणारं मशीनच लागतं. त्या घरी करायचा हट्ट नको. पाचही रिळांची मापं, प्रत्येक जोडानंतरची, इथे लिहा. कुठली प्रोजेक्टरवर जाईल आणि कुठली नाही ते त्यावरूनच सांगता येईल.