पहिल्या नोकरीतलं कंटाळवाणं काम

डिग्री घेऊनसुद्धा तीन महिने नुसत्या हिशेबाच्या नोंदी तपासायला बसवलंय, म्हणून तुझी चिडचिड होतेय. समजू शकते मी. पण त्या नोंदी जरा नीट वाच. कोणता ग्राहक दर वेळी पैसे उशिरा देतो, कुठला माल सारखा परत येतो, सगळं तिथेच दिसतं. माझ्या हाताखालच्या एका मुलाने असंच तपासताना एकच बिल दोनदा चढलेलं पकडलं. एकीकडे बिल नंबरात एक आडवी रेघ जास्त होती, म्हणून सॉफ्टवेअरला ती दोन वेगळी बिलं वाटली. तेव्हापासून किचकट फाइल आधी त्याच्याच टेबलावर जायला लागली.

काम संपलं की नुसतं ‘झालं’ म्हणून कळवू नकोस. काय तपासलं, शंका कुठे आहे, दोन ओळी लिही. चूक झाली तर दुसऱ्याला सापडायच्या आत स्वतः सांग.

आणि मेहनत म्हणजे रात्री उशिरापर्यंत खुर्ची अडवून बसणं नव्हे. ठरलेला पगार, हक्काची सुट्टी मागण्यात माज कसला? दोन्ही बिनधास्त माग. बढतीचं बोलायचं असेल तर मात्र आजपासूनच एक वही घाल, केलेलं काम तारखेनिशी लिहीत जा आणि बोलणीच्या दिवशी ती सोबत ने.