कोरड्या डांबरावर फोर-हाय नको : वाचकांच्या वाहनविषयक शंका

प्रश्न : मी गगनबावडा तालुक्यातून रोज कोल्हापूरला दूध पोहोचवतो. गेल्या वर्षी जुना फोर बाय फोर पिकअप घेतला. पावसाळ्यात वाटेत कुठे चिखल लागेल याचा भरवसा नसल्याने घरातून निघतानाच फोर-हाय (चारही चाकांना जोर देणारा, नेहमीच्या वेगाचा गियर) टाकतो आणि परतल्यावर काढतो. अलीकडे दूध उतरवण्याच्या काँक्रीटच्या आवारात गाडी वळवताना स्टिअरिंग जड येते, पुढची चाके घासत उड्या मारतात आणि टू-हायवर (फक्त मागच्या चाकांवर) टाकले तरी फोर बाय फोरचा दिवा विझत नाही. मिस्त्री ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना इंजिनाचा जोर वाटणारी पेटी) बदलायला सांगतात. एवढा खर्च करावा का?

उत्तर : तूर्त करू नये. आपण सांगितलेली तिन्ही लक्षणे एकाच कारणाने दिसू शकतात आणि ते कारण बहुधा आपल्या वापरात आहे. आपल्या पिकअपमधील यंत्रणा पार्ट-टाइम आहे, म्हणजे निसरड्या किंवा भुसभुशीत जमिनीपुरतीच ती जोडावी अशी अट तिच्या रचनेतच आहे. फोर-हाय टाकताच ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट (धुरीपर्यंत जोर नेणारा दांडा) एकमेकांना घट्ट बांधते आणि दोघांनाही सारखेच फिरणे भाग पडते. बारमाही चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत या दोन शाफ्टमधला वेगाचा फरक सामावून घेणारे तिसरे डिफरन्शियल मध्यभागी असते. आपल्या गाडीत ते नाही.

हा फरक केवढा असतो, ते आपल्याच आवारातल्या वळणाचे गणित मांडून पाहू. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर ३ मीटर धरा आणि मागच्या धुरीचा मध्य ५ मीटर त्रिज्येचे वळण घेतो आहे असे समजा. अशा वळणात पुढच्या धुरीचा मध्य सुमारे ५.८ मीटर त्रिज्येवरून जातो. गाडी काटकोनात वळेपर्यंत मागची धुरी ७.८५ मीटर चालते आणि पुढची ९.१५ मीटरच्या आसपास, म्हणजे पुढच्या चाकांना सुमारे १.३ मीटर जास्त चालायचे असते. नेहमीच्या पिकअपच्या टायरचा हा साधारण अर्धा फेरा झाला. धुरीतल्या क्राऊन-पिनियन गियरचे प्रमाण ४ धरले, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे चार फेरे, तर पुढच्या प्रॉपेलर शाफ्टला मागच्यापेक्षा दोन फेरे जास्त हवे असतात. शाफ्ट बांधलेले असल्याने ते फेरे मिळत नाहीत. चिखलात टायर थोडे सरकून ही बाकी चुकती करतात आणि चालकाला काही जाणवतही नाही. काँक्रीटवर टायर सरकायला तयार नसतात, म्हणून शाफ्ट पिळवटतात, क्रॉस (शाफ्टचा सांधा) आणि गियरच्या दातांवर ताण साठत जातो आणि तो असह्य झाला की चाक हिसका देऊन घासते. आपल्याला जाणवणारी उडी ती हीच. दिवा न विझण्याचे कारणही यातच आहे, कारण दात ताणाखाली एकमेकांना इतके घट्ट धरून बसलेले असतात की लिव्हर ओढले किंवा बटण फिरवले तरी दोन्ही शाफ्ट जोडणारी आतली सरकती कॉलर सुटत नाही.

हा पीळ सोडवायला पाना लागत नाही. स्टिअरिंग सरळ करून गाडी सावकाश दहा-पंधरा मीटर मागे घ्यावी, किंवा जवळच्या मुरमाच्या, चिखलाच्या जागेवर नेऊन सरळ पुढे-मागे करावी आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय उचललेला असताना टू-हायवर टाकावे. ताण सुटला की बहुतेक वेळा एक ‘टक्’ आवाज येतो आणि दिवा विझतो. लिव्हरशी कुस्ती मात्र करू नये. त्यात कॉलर सरकवणारा आतला शिफ्ट फोर्क वाकतो आणि मग मिस्त्रींचा सल्ला खरा ठरतो.

यानंतरही तक्रार उरली तर प्रथम टायर पाहावेत. जुना पिकअप घेणारे अनेकजण पैसे वाचवण्यासाठी पुढे नवी जोडी टाकतात आणि मागे झिजलेली ठेवतात. नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर आणि जुन्याची २ मिलिमीटर असेल, तर त्रिज्येत ६ मिलिमीटरचा फरक पडतो. ऐकायला तो किरकोळ वाटतो, पण सुमारे ३८० मिलिमीटर त्रिज्येच्या चाकात तो दीड टक्क्याहून जास्त भरतो, म्हणजे अगदी सरळ रस्त्यावरसुद्धा दर १०० मीटरला दीड मीटरचा पीळ शाफ्टमध्ये भरत राहतो. चारही टायर एकाच मापाचे, शक्यतो एकाच कंपनीचे आणि सारख्या झिजेचे असावेत. टायर ठीक निघाले तर ट्रान्सफर केसमधले तेल, दिव्याचा स्विच आणि, बटणाची गाडी असेल तर, ॲक्चुएटरची (गियर सरकवणाऱ्या मोटरची) वायरिंग या क्रमाने तपासून घ्यावी. पेटी उघडण्याची वेळ त्यानंतर येते.

आता रोजच्या वापराविषयी. ओला डांबरी रस्ता हा निसरडा रस्ता नव्हे. नुसत्या पावसात टायरची पकड कमी होते, पण ट्रान्सफर केसचा पीळ सुटण्याइतकी कमी होत नाही. डोंगरावरून लाल माती वाहून येऊन रस्त्यावर चिखलाचा थर पसरला असेल, तर तेवढ्या पट्ट्यापुरते फोर-हाय टाकावे आणि पट्टा संपताच काढावे. गाडी सरळ आणि बेताच्या वेगात चालत असताना ॲक्सिलरेटर किंचित सोडून हे करता येते. वेगाची मर्यादा आपल्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. वळणात किंवा चाके जागेवर गरगरत असताना ते करू नये. काही जुन्या पिकअपना पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे हब (चाक शाफ्टशी जोडणारे भाग) असतात. तसे असतील तर चिखल सुरू होण्यापूर्वीच खाली उतरून ते लॉक करावे लागतात, नाहीतर लिव्हर फोर-हायवर असूनही पुढची चाके ओढत नाहीत.

प्रश्न : आजरा तालुक्यात आमची काजूची बाग आहे. पावसाळ्यात जांभ्याच्या उतारावरून भरलेली गाडी खाली आणताना ब्रेक लावला की चाके घसरतात. फोर-लो फक्त चढासाठी असते असे गावात म्हणतात. ते खरे आहे का? (एक शेतकरी भगिनी)

उत्तर : खरे नाही, आणि माझ्या मते फोर-लोचा उत्तम उपयोग उतारावरच होतो. या गियरमध्ये इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत चाके साधारण अडीच पट हळू फिरतात. पहिल्या गियरमध्ये ॲक्सिलरेटरला अजिबात न शिवता गाडी सोडली की इंजिनच तिला धरून ठेवते, आणि शाफ्ट बांधलेले असल्याने ही ओढ पुढच्या-मागच्या दोन्ही धुऱ्यांवर वाटली जाते. ब्रेकने लॉक झालेले चाक शेवाळलेल्या जांभ्यावर घसरगुंडी करते. फिरत राहिलेले चाक स्टिअरिंगचे ऐकते. उतरताना क्लच दाबू नये. दाबला तर इंजिन सुटते आणि भरलेली गाडी आपल्या वजनाने धावू लागते.

उतार सुरू होण्याआधी सपाट जागी गाडी थांबवावी, ब्रेक व क्लच दाबून गियर न्यूट्रल करावा आणि मग फोर-लो टाकावे. दात जुळत नसतील तर गाडी वीतभर सरकू देऊन पुन्हा प्रयत्न करावा. खाली पक्का रस्ता लागला की ते लगेच काढावे, कारण या गियरमध्ये इंजिनाचा जोर अडीच पट होऊन शाफ्टवर येतो आणि पीळही त्याच हिशेबाने महागात पडतो. हे शहाणपण माझे उपजत नाही. काही वर्षांपूर्वी उसाच्या फडातून बाहेर येऊन फोर-लो तसेच ठेवून मी वजनकाट्याच्या काँक्रीटवर गाडी पूर्ण वळवली आणि पुढच्या शाफ्टचा क्रॉस तुटल्याचा आवाज काट्याच्या खोलीतल्या कारकुनानेही ऐकला.

प्रश्न : फोर-हाय टाकूनही काळ्या मातीच्या पाणंदीत गाडी रुतली. एक पुढचे आणि एक मागचे अशी दोनच चाके फिरत होती. यंत्रणा बिघडली आहे का?

उत्तर : नाही, ती जशी बनवली आहे तशीच चालली. ट्रान्सफर केस दोन धुऱ्यांना बांधते. प्रत्येक धुरीतले डिफरन्शियल मात्र मोकळेच राहते आणि ज्या चाकाला पकड कमी त्यालाच फिरू देते. मागच्या डिफरन्शियलला दोन्ही चाके एकत्र बांधणारा लॉक असल्यास तो अशा वेळी सरळ रेषेत वापरावा आणि बाहेर येताच काढावा. लॉक नसेल तर चाके गरगरवून खड्डा खोल करण्याऐवजी लगेच थांबावे, फावड्याने चाकांपुढचा चिखल काढावा आणि टायरची हवा नेहमीच्या ३५ वरून २० पीएसआयच्या आसपास आणावी, म्हणजे टायर पसरून जास्त जमिनीवर टेकतो. डांबरावर येताच हवा पुन्हा भरणे तितकेच आवश्यक आहे. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजनच नसते, त्यामुळे पाणंदीत शिरताना हौद्यात मागच्या धुरीच्या बरोबर वर खताची चार पोती असलेली बरी.

आपल्याकडे चाकाखाली पाचट टाकण्याची पद्धत आहे आणि ओले पाचट चांगली पकड देते. वाळलेले पाचट तापलेल्या सायलेन्सरला टेकू देऊ नये. ते पेट घेते. आणि मुख्य गोष्ट अशी की फोर-हाय पाणंदीच्या तोंडाशीच टाकावे. रुतल्यावर टाकलेल्या फोर-हायला आधी आपण खणलेल्या खड्ड्यातून वर यावे लागते.

प्रश्न : वर्षातून चार महिनेच फोर बाय फोर लागते. उरलेल्या काळात काही करावे लागते का?

उत्तर : महिन्यातून एकदा मातीच्या सरळ रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर फोर-हायमध्ये गाडी चालवावी, म्हणजे पुढच्या भागांना तेल मिळते आणि ट्रान्सफर केसमधली कॉलर जागेवर अडकून बसत नाही.

प्रश्न : शिरोळ भागात पुराच्या वेळी रस्त्यावर पाणी येते. उंच फोर बाय फोर पिकअप अशा पाण्यातून नेता येईल का?

उत्तर : वाहत्या पाण्यातून नेऊ नये. सुमारे ६० सेंटिमीटर वाहते पाणी पिकअपसुद्धा ढकलून नेऊ शकते, आणि गाडी तरंगू लागली की चारही चाकांना जोर देऊन उपयोग नसतो, कारण ती कशालाच टेकलेली नसतात. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे; ती ओलांडली गेल्याचे कानावर आले की गाडी उंचावर लावून ठेवावी. २०१९ आणि २०२१ साली पुणे-बंगळूर महामार्गसुद्धा शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन बंद झाला होता, मग गावातल्या रस्त्यांचे काय सांगावे. अंगणात उभ्या असलेल्या गाडीच्या धुऱ्या पाण्यात बुडाल्या असतील, तर दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस यांचे प्लग सोडून तेल पाहावे. त्यात पाणी मिसळून ते ताकासारखे पांढरट झाले असेल, तर गाडी वर्कशॉपपर्यंत चालवत नेण्याचा मोह टाळावा आणि तेल जागेवरच बदलून घ्यावे.