सासरचं घराणं इंग्लंडमधल्या डेव्हन काउंटीचं (जिल्ह्याचं) आहे; वंशावळ शोधताना 1850 च्या मागे कसं जायचं?

1851 च्या जनगणनेपासून सुरुवात करा. 1841 चीही आहे, पण ती फसवते: पंधरा वर्षांवरच्यांची वयं बहुतेक पाचाच्या पटीत खाली उतरवलेली, आणि जन्म ‘याच काउंटीत की बाहेर’ एवढंच. 1851 मध्ये मात्र जन्मगावाच्या पॅरिशचं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या भागाचं, नाव मिळतं. ते हाती लागलं की निम्मं काम झालं.

मग त्या पॅरिशच्या चर्चची दप्तरं. ती ठेवायचा हुकूम 1538 चा, पण इतकी जुनी सगळीकडे टिकलेली नाहीत. 1813 पासून छापील फॉर्म आले आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा धंदाही येऊ लागला. एकाच गावात तीन विल्यम निघाले की याचीच मदत होते. काउंटीची बरीच दप्तरं एक्सेटरच्या डेव्हन हेरिटेज सेंटरमध्ये, उत्तर भागासाठी बार्नस्टेपल, प्लिमथसाठी तिथलं ‘द बॉक्स’ हे संग्रहालय. आधी फ्रीरेग (FreeREG) या चर्चनोंदींच्या वेबसाइटवर फुकट शोधून बघा.

मृत्युपत्रांची आशा फार धरू नका. 1942 च्या बॉम्बहल्ल्यात एक्सेटरमधली हजारो मृत्युपत्रं जळाली. 1812 ते 1857 मधल्या काहींच्या नकला करखात्यामुळे वाचल्या, त्या जरूर तपासा.

घराणं गरीब असेल तर उलट फायदाच! मदत मागायला आलेल्याचा खर्च कुठल्या पॅरिशने उचलायचा, यासाठी त्याची जबानी घेत: जन्म कुठला, वर्षभर चाकरी कुणाकडे केली, लग्न कधी. मजुराचं अख्खं आयुष्य एका कागदावर. मी तर आधी हेच मागवीन.