जंगलातली खार अन्न साठवते, त्याचा तिच्या जगण्यावर आणि पिल्लांवर खरंच परिणाम होतो का?

होतो, आणि फार मोठा. कॅनडातल्या युकॉनमध्ये, क्लुआनी भागात, लाल खारींचा अभ्यास 1987 पासून चालू आहे. तिथली प्रत्येक खार एकटी राहते आणि शरद ऋतूत स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचे हजारो शंकू, म्हणजे बी धरणारी खवलेदार बोंडं, मिटलेले असतानाच तोडून एका ढिगात पुरते. ढिगातल्या थंड ओलाव्यामुळे शंकू उघडत नाहीत, म्हणून आतलं बी वर्षानुवर्षं टिकतं. आपल्या अंगणातल्या पट्टेरी खारीवरून या साठ्याची कल्पना येत नाही.

ज्या पिल्लाला हिवाळ्याआधी असा ढीग मिळत नाही, ते बहुतेक वसंत ऋतू बघतच नाही. म्हणून काही आया आपला ढीग, थोडा किंवा सगळाच, पिल्लांना देऊन टाकतात आणि स्वतः दुसरी जागा शोधायला निघतात. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वात थक्क करणारी वाटते.

प्रजननाचं गणितही साठ्याशी बांधलेलं आहे. समागम होतो तेव्हा अजून बर्फ असतो, मग ताकद येणार कुठून? गेल्या वर्षीच्या शंकूंतून. संशोधकांनी जादा खाणं पुरवलं तेव्हा माद्या लवकर व्यायल्या. लवकर जन्मलेल्या पिल्लांना जागा पटकवायला जास्त वेळ मिळतो.

फक्त साठ्यावरच सगळं ठरतं असं मात्र नाही. स्प्रूसला काही वर्षांच्या अंतराने एकदम उदंड शंकू येतात. त्या वर्षी माद्या पीक पिकण्याआधीच जास्त पिल्लं घालतात, जणू त्यांना पुढचं दिसतं.