व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन झालास? आधी हे वाच

भाऊ, घाबरू नको. सदस्याने आक्षेपार्ह काही टाकलं म्हणून अ‍ॅडमिन आपोआप दोषी ठरत नाही; मुंबई हायकोर्टाच्या आपल्याच नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये तसं स्पष्ट केलंय. फक्त त्यात तुझी मिलीभगत नको. तेव्हा भडकाऊ पोस्टवर गमतीतही अंगठा ठोकू नको.

नवे अ‍ॅडमिन घाईत सगळं डिलीट करतात. आधी स्क्रीनशॉट, नंबर-तारीख-वेळेसकट, मग डिलीट. अन् सरकारवरची प्रत्येक टीका कशाला उडवायची बाप्पा? ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा देणारं आयटी कायद्याचं ६६अ कलम सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्येच रद्द केलं. टीका राहू दे. धर्म-जातीवरून चिथावणारं मात्र काढ.

मी रात्री अकराला 'फक्त अ‍ॅडमिन' सेटिंग लावून, म्हणजे बाकीच्यांचे मेसेज बंद करून झोपतो. कारण भांडणं अकरानंतरच पेटतात. सकाळी उघडलं की तर्री-पोह्याचे फोटो सुरू.